संगमातले अदृश्य हात

जॉन मॅक्लॉफ्लिन या गिटारवादकाच्या आयुष्यभराच्या कामातून निवडलेले ‘द इसेन्शियल जॉन मॅक्लॉफ्लिन’ हे दोन सीडींचे संकलन २००७ साली निघाले. त्यातल्या वादनाचा वेग आणि आवेग यांनी मी भारावून गेलो, हे आधीच कबूल करतो. पण संकलन ही नुसती निवड नसते. तो एक इतिहास असतो. आणि इतिहास कोणाच्या नावावर लिहिला गेला, हे विचारायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे.

मुखपृष्ठावर नाव एकाचे आहे. १९४२ साली यॉर्कशरमध्ये जन्मलेला हा गोरा वादक १९६९ साली न्यू यॉर्कला गेला, तो टोनी विल्यम्स या काळ्या ड्रमवादकाच्या बोलावण्यावरून. त्याच वर्षी माइल्स डेव्हिसच्या ‘इन अ सायलेंट वे’ आणि ‘बिचेस ब्रू’मध्ये त्याने गिटार वाजवली. जॅक जॉन्सन हा पहिला काळा हेवीवेट जगज्जेता; त्याच्यावरच्या माहितीपटासाठी डेव्हिसने १९७० साली जे संगीत केले, त्यातही ही गिटार आहे. म्हणजे ज्याला आज फ्यूजन म्हणतात, ते घर गुलामांच्या वंशजांनी बांधले होते. हे ऋण मॅक्लॉफ्लिनने लपवलेले नाही.

१९७१ साली ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ उभा राहिला. ‘महाविष्णू’ हे नाव त्याला गुरू श्री चिन्मय यांनी दिलेले. येथे मी थांबतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली. आपल्या तरुणांनी अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या लढ्यातून ‘पँथर’ हा शब्द घेतला. त्याच सुमारास जॅझने भारतातून ‘महाविष्णू’ नेला. पहिल्या देवाणघेवाणीत दुःखाने दुःख ओळखले. दुसरीत भारत दिसला तो भक्तीचा, शांतीचा, जात नसलेला.

‘शक्ती’ची पहिली तबकडी १९७६ सालची. एल. शंकर, झाकीर हुसेन, विनायकराम आणि रामनाड राघवन येथे साथीला नाहीत, बरोबरीने आहेत. हे मोठे पाऊल होते. त्यातल्या एका रचनेचे नाव ‘लोटस फीट’, म्हणजे चरणकमळ. पुरुषसूक्ताने शूद्राला पायांतून जन्माला घातले आणि अतिशूद्राला त्या देहात जागाच ठेवली नाही. ते नाव मला निरागसपणे ऐकता येत नाही.

याच तबकडीवर मृदंगम् वाजतो. गाय, म्हैस, बकरी यांच्या कातड्याने तो मढवतात. तो घडवणारे बहुतांशी दलित ख्रिस्ती आणि वाजवणारे बहुतांशी ब्राह्मण, हे टी. एम. कृष्णा यांनी ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ या २०२० सालच्या पुस्तकात मांडले. पूर्व-पश्चिमेच्या संगमाचे गोडवे गायले जातात, पण कातडे कमावणारा आणि ते वाजवणारा यांचा संगम अजून व्हायचा आहे.

हे संकलन ऐकू नका, असे मी म्हणणार नाही. जरूर ऐका. मात्र त्या एका नावामागचे हात मोजत ऐका. आणि दोष केवळ परक्याला देऊन चालणार नाही. आपल्या गावच्या हलगीवाल्याचे नाव आपण तरी कुठे लिहून ठेवले आहे?