‘राणीची बाग’ : एक नामविचार

मुंबईत भायखळा स्थानकाच्या पूर्वेस असलेल्या सार्वजनिक उद्यानाला आजवर तीन नावे लाभली आहेत. १८६२ साली ते खुले झाले तेव्हा त्याचे नाव ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ असे होते. स्वातंत्र्योत्तर काळात त्याला ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ हे नाव देण्यात आले. ही दोन्ही नावे अधिकाराने दिलेली आहेत. तिसरे नाव ‘राणीची बाग’. ते कोणी एकाने दिलेले नाही. ते वापराने रूढ झाले, आणि रविवारी मुलांचा हात धरून तेथे जाणारा मनुष्य आजही बहुधा तेच उच्चारतो.

ह्या तिसऱ्या नावाविषयी सुशिक्षितांत एक मत आढळते. ‘राणीची बाग’ हे मूळ इंग्रजी नावाचे भाषांतर आहे, म्हणून तो पारतंत्र्याचा अवशेष आहे, आणि म्हणून तो टाकून दिला पाहिजे, असे हे मत. वरवर पाहता ते बिनतोड वाटते. परंतु भाषेच्या अभ्यासकाने ते तपासून घेणे अवश्य आहे.

प्रथम भाषांतराचा मुद्दा घेऊ. विशेषनामाचे भाषांतर होत नसते. ‘व्हिक्टोरिया’ हा शब्द मराठी जिभेला अवघड होता म्हणून तो सोडून दिला, असेही म्हणता येणार नाही. मुंबईकरांनी तोच शब्द घोडागाडीसाठी बिनदिक्कत वापरला. तेव्हा बागेच्या नावातून तो गळला, ह्यामागे उच्चाराचे कारण नव्हते. येथे विशेषनामाच्या जागी सामान्यनाम आले. कोणती राणी, कोठली राणी, हे ‘राणीची बाग’ ह्या नावात सांगितलेले नाही, आणि ऐकणाऱ्याला ते विचारण्याची गरजही वाटत नाही. कहाणीतली राणी जशी कोणत्याही एका देशाची नसते, तशीच ही राणी. विंदा करंदीकरांनी १९६१ साली आपल्या बालकवितांच्या संग्रहाला ‘राणीची बाग’ हे नाव दिले. भायखळा कधीही न पाहिलेल्या मुलालाही ते नाव आपलेसे वाटते. त्याला व्हिक्टोरियाची आठवण होण्याचे कारणच नाही.

दुसरा मुद्दा रूपाचा. बोलण्यात ‘राणीची बाग’ हे ‘राणीबाग’ असेही होते. षष्ठीचा प्रत्यय जातो आणि शब्दसमूहाचा समास बनतो. ‘राणीच्या बागेत’ ह्या रूपात स्वामित्वाचा काही भास तरी आहे. ‘राणीबागेत’ म्हणताना तोही उरत नाही. तुळशीबाग, हिराबाग, लालबाग ह्यांच्या रांगेत ते नाव जाऊन बसते. तुळशीबागेत आज तुळशी शोधण्यास कोणी जात नाही, त्याचप्रमाणे राणीबागेत राणी शोधण्यास कोणी जात नाही.

बागेत प्रवेश केल्यावर ह्याच विचाराला दोन साक्षी मिळतात. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या परिसरात एक दगडी हत्ती उभा आहे. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, त्यात तो फुटला. पुढे १९१४ साली त्याचे तुकडे जोडण्यात आले. हत्ती भायखळ्यास आला, नाव मात्र बेटावरच राहिले.

दुसरी साक्ष अधिक बोलकी आहे. काळ्या घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाच्या वेषातील, पुतळा दक्षिण मुंबईतून १९६५ साली हलविण्यात आला आणि पुढे तो ह्या बागेत आला. त्या चौकाला लोक तेव्हाही ‘काळा घोडा’ म्हणत आणि आजही म्हणतात. स्वार एवढा मोठा असूनही नावात तो कधी शिरलाच नाही. २०१७ साली त्या चौकाजवळ घोड्याचा नवा पुतळा उभारण्यात आला, आणि त्यावर स्वार नाही. भाषेने जे कितीतरी आधी केले होते, ते शिल्पाने मागाहून केले असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि येथे अतिव्याप्तीचा दोष टाळला पाहिजे. लोकभाषा नेहमीच सत्ताधीशांना नावातून वगळते असा नियम ह्यावरून काढता येणार नाही. महात्मा जोतिबा फुले ह्यांचे नाव दिलेल्या मंडईला पुष्कळ मुंबईकर अजूनही ‘क्रॉफर्ड मार्केट’ म्हणतात. ‘एल्फिन्स्टन रोड’ हे स्थानकाचे नाव २०१८ साली ‘प्रभादेवी’ होईपर्यंत सर्वांच्या तोंडी होते. लोकांनी ह्या नावांविरुद्ध बंड केले नाही आणि त्यांचा गौरवही केला नाही. तेथे क्रॉफर्ड हा मनुष्य उरला नाही, केवळ ध्वनी उरला. बागेच्या नावात उलट घडले : ध्वनी गेला, अर्थ राहिला, आणि तो अर्थ मराठीचा झाला. मार्ग दोन असले तरी परिणाम एकच, की ज्याच्या स्मरणासाठी नाव दिले त्याचे स्मरण नावाने राखले नाही. हाच विचार नव्या नावालाही लागू पडतो. जिजाबाईंची थोरवी निर्विवाद आहे. पण पाटीवरील चार शब्दांचे नाव बोलताना ‘जिजामाता उद्यान’ एवढेच होते. गौरवाची विशेषणे पाटीवर शोभतात, बोलण्यात ती गळतात.

मग नावाचा विचार हा केवळ विद्वानांचा विरंगुळा आहे काय? मला तसे वाटत नाही. २००७ च्या सुमारास ह्या उद्यानाच्या पुनर्रचनेची मोठी योजना पुढे आली, तेव्हा येथील जुन्या वृक्षांच्या रक्षणासाठी नागरिक उभे राहिले. आपल्या चळवळीसाठी त्यांनी ‘राणीबाग’ हेच नाव निवडले. मनुष्य ज्या नावाने एखाद्या स्थळाला हाक मारतो, त्याच नावाने तो त्याच्यासाठी भांडतो. ‘सार्वजनिक’ हे विशेषण कागदावर लिहिल्याने स्थळ सर्वांचे होत नाही. सर्वांच्या तोंडी त्याचे नाव असावे लागते.

ह्या कसोटीवर बागेतील वृक्षांची स्थिती मात्र चिंताजनक वाटते. ब्रह्मदेशातील एका सुंदर पुष्पवृक्षाला वनस्पतिशास्त्रज्ञांनी लेडी अ‍ॅम्हर्स्ट ह्यांच्यावरून ‘अ‍ॅम्हर्स्टिया’ म्हटले. मराठीत तो ‘उर्वशी’ झाला. गव्हर्नर जनरलांच्या पत्नीच्या जागी अप्सरा आली. आफ्रिकेतील ‘अ‍ॅडान्सोनिया’ फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव टाकून ‘गोरखचिंच’ झाला. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या वृक्षाच्या फुलात पिंडीवर धरलेली फणा दिसली, म्हणून तो ‘कैलासपती’ झाला. ही नावे सामान्य लोकांनी दिली की एखाद्या जाणत्याने, हा प्रश्न वेगळा. मराठीने ती स्वीकारली एवढे खरे. हे तिन्ही वृक्ष ह्या बागेचे भूषण आहेत. परंतु बागेत येणाऱ्यांचे ओठ आता बहुतेक प्राण्यांच्याच नावांनी भरलेले असतात. २०१७ साली हंबोल्ट पेंग्विन लोकांना पाहण्यास खुले झाले, तेव्हापासून ‘पेंग्विन बघायला जाऊ’ हा प्रयोग मुलांच्या तोंडी सहज येतो. ‘उर्वशी बघायला जाऊ’ असे म्हणणारा विरळा.

पेंग्विनांविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच, की ज्या वृक्षाचे नाव कोणी घेत नाही, त्याच्यावर कुऱ्हाड येईल तेव्हा कोणत्या नावाने हाक मारावयाची? राणीबागेला तिच्या नावाने तारले. तेच तिच्या वृक्षांविषयी घडावयाचे असेल, तर त्यांची नावे पाटीवरून तोंडी आली पाहिजेत.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी स्थलनामांचा अभ्यास करताना राजपत्रे आणि नकाशे अवश्य पाहावेत. परंतु एक दिवस भायखळ्यास उतरून, बागेच्या दारापाशी उभे राहून, येणारे लोक त्या स्थळाला आणि आतील झाडांना काय म्हणतात तेही टिपून घ्यावे. कागद जपून ठेवता येतो; तोंडी नाव वापरले नाही तर ते नाहीसे होते.