‘कंडिशनिंग ६९’ म्हणजे नेमकं काय मोजलं?

घरी साबण करणाऱ्यांच्या कृतींमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘कोरड्या, नाजूक त्वचेसाठी उत्तम, कंडिशनिंग ६९.’ हा आकडा साबणाच्या कॅल्क्युलेटरमधून येतो. तो आला कुठून हे बघू, कारण तुमच्या संशोधन आराखड्यातल्या प्रत्येक चलाला गाइड हाच प्रश्न विचारणार आहेत.

एक साधी कृती घ्या: ऑलिव्ह तेल ३५० ग्रॅम, खोबरेल १००, एरंडेल ५०. एवढ्या तेलाच्या पूर्ण साबणीकरणाला सुमारे ७२ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. ५ टक्के तेल शिल्लक राहावं (यालाच सुपरफॅट म्हणतात) म्हणून ६८.४ ग्रॅमच घालतात. आता कॅल्क्युलेटर काय करतो? प्रत्येक तेलातल्या ओलेइक, लिनोलेइक, लिनोलेनिक आणि रिसिनोलेइक आम्लांच्या टक्क्यांची बेरीज. ऑलिव्हचे साधारण ८२, खोबरेलाचे १०, एरंडेलाचे ९८. वजनाच्या प्रमाणात मिळवले की ६९. झालं! त्वचा या गणितात कुठेच नाही.

आता आकड्याला जरा हलवून बघा. सुपरफॅट शून्य केलं, तरी ६९. आठ टक्के केलं, तरी ६९. ज्या गोष्टीमुळे वडी सौम्य होते असं हीच मंडळी सांगतात, ती बदलली तरी त्यांचं माप ढिम्म हलत नाही. ग्लिसरीनचं तेच. या वडीत साबणीकरणातून सुमारे ५२ ग्रॅम ग्लिसरीन तयार होतं आणि घरगुती पद्धतीत ते वडीतच राहतं; आकड्यात त्याचा मागमूस नाही. टोकाला जायचं तर नुसत्या एरंडेलाची वडी करा. गुण ९८, हातात मऊ आणि चिकट गोळा.

गोंधळ नावात आहे. ओलेइक आम्ल तेलात असतं तेव्हा त्वचेला मऊपणा देतं, हे खरं. पण साबणीकरणानंतर ते सोडियम ओलिएट होतं, म्हणजे मळ आणि तेल धुऊन काढणारा साबण. तेलाचा गुण साबणाच्या खात्यात जमा केलाय.

शेजारचा ‘क्लेन्झिंग’ आकडा मात्र अगदीच पोकळ नाही. ती लॉरिक आणि मायरिस्टिकची बेरीज आहे, आणि बारा कार्बनच्या साखळीचे साबण त्वचेला जास्त त्रास देतात हे माहीत असलेलं आहे. म्हणून खोबरेल २० टक्क्यांवर रोखणं शहाणपणाचंच. कृती चांगली असू शकते. तिच्यासाठी दिलेला पुरावा लंगडा आहे.

‘पीएच ५.५ चा घरगुती साबण’ हा दावा तर लगेच बाजूला ठेवा. खऱ्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या आसपास असतो. आम्ल घालून ५.५ वर आणलात तर साबण मोडून पुन्हा मेदाम्लं सुटतात. चार-सहा आठवडे वाळवल्याने पाणी उडतं, वडी टणक होते, पण पीएच त्वचेच्या पातळीला येत नाही.

मग मोजायचं काय? त्वचेतून उडणारं पाणी, म्हणजे टीईडब्ल्यूएल. ‘महिनाभर वापरला, फरक पडला’ यात ऋतू बदललेला असतो, बोअरचं दुष्फेन पाणी असतं, शिवाय जुना साबण बंद झालेला असतो. त्यापेक्षा एकाच माणसाच्या दोन हातांवर दोन वड्या लावा. कोणती कुठे हे चिठ्ठी टाकून ठरवा, आणि मोजणाऱ्याला सांगू नका. सुगंधी तेल दोन्हींत नको. नाजूक त्वचेला त्याचीच ॲलर्जी झाली तर साबणाला दोष लागेल. तेलं तीच ठेवून फक्त सुपरफॅट बदला: ३ विरुद्ध ८. शून्य घेऊ नका, कारण मग वजनकाट्याची एक-दोन ग्रॅमची चूकसुद्धा मोकळा कॉस्टिक वडीत ठेवेल, आणि तो कोणाच्या तरी हातावर जाईल.