राज्याचा आकार आणि राज्याची संमति

राज्यपुनर्रचनेवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' (१९५५) या लहानशा इंग्रजी पुस्तकाकडे आज थोडेच वाचक वळतात. तेहि बहुधा एखादें सोयीचें वाक्य शोधण्यासाठीं. आम्हीं तें भंडारा जिल्हा डोळ्यांपुढें ठेवून वाचलें. १९५४ च्या पोटनिवडणुकींत याच जिल्ह्यानें ग्रंथकर्त्यांस नाकारलें होतें, आणि पुढच्याच वर्षीं त्याच जिल्ह्याचें राज्य कोणतें असावें हें त्यांच्या लेखणीखालीं आलें.

ग्रंथाचा सिद्धांत असा: एका राज्याची भाषा एक असावी, परंतु एका भाषेचें राज्य एकच असावें, असें नाहीं. त्यास अनुसरून उत्तर प्रदेशाचे तीन व महाराष्ट्राचे चार भाग त्यांनीं सुचविले. भंडारा पूर्व महाराष्ट्रांत पडतो. यामागें दोन भयें आहेत. उत्तरेकडील अवाढव्य राज्यें केंद्रावर स्वार होतील, हें एक. मोठ्या राज्यांत बहुसंख्य जातीचें दडपण अल्पसंख्यांस असह्य होईल, हें दुसरें. दुसऱ्याचें विवेचन हा ग्रंथाचा सर्वोत्तम भाग होय. आमचे घटनापंडित केंद्र व राज्य यांच्या अधिकारांच्या याद्या मोजीत बसतात. भंडाऱ्यांत मालगुजारी १९५१ पर्यंत नांदली. तेथील कुळास, अधिकार नागपुरास कीं दिल्लीस, यापेक्षां गांवांत तो कोणाच्या हातीं, हाच प्रश्न निकडीचा होता. ग्रंथकर्त्यांस हें पक्कें ठाऊक आहे.

१९४८ सालीं हेच ग्रंथकर्ते मुंबईसह एकसंध महाराष्ट्राचे पुरस्कर्ते होते. मत पालटलें याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार निराळी आहे. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानें राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेस दिला. राज्याच्या विधिमंडळाचें मत तेवढें मागवावयाचें, संमति नव्हे. १९५५ च्या डिसेंबरांत पांचव्या घटनादुरुस्तीनें त्या मतासहि मुदत घालतां येऊं लागली. मोठीं राज्यें फोडल्यानें केंद्र त्यांच्या कचाट्यांतून सुटेल, हें खरें. पण लहान झालेल्या राज्यानें केंद्रापुढें कोणत्या बळावर उभें राहावें? मसुदा समितीच्या अध्यक्षांकडून या प्रश्नाचें उत्तर मिळावें ही अपेक्षा अवाजवी नव्हती. तें पुस्तकांत नाहीं.

पुढें घडलें तें असें. फाजल अली आयोगानें १९५५ मध्यें विदर्भाचें स्वतंत्र राज्य सुचविलें, संसदेनें तें बाजूस सारलें. भंडारा मध्य प्रदेशांतून १ नोव्हेंबर १९५६ रोजीं द्विभाषिक मुंबईंत आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत गेला. साडेतीन वर्षांत दोन वेळां राज्य बदललें, आणि दोन्ही वेळां शेवटचा शब्द दिल्लीचा होता. विदर्भासाठीं विकासमंडळाची तरतूद १९५६ त घटनेंत आली. मंडळ १९९४ त निघालें, आणि त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजीं संपली.

पुस्तकाच्या अखेरीस कोष्टकें व नकाशे जोडले आहेत. भंडाऱ्याकडील वाचकानें आरंभ तेथूनच करावा.