होरेसची कनाअत आणि दावूसचे बोल

रोमन कवी होरेसचे नाव निघाले की दोन गोष्टी हमखास पुढे येतात. आजचा दिवस हातचा जाऊ देऊ नये, आणि थोडक्यात समाधान मानावे. शाळेच्या सुविचार-फलकावर हे शोभून दिसते. कवीवर मात्र यात अन्याय होतो, असे आम्हांला वाटते. पहिला सल्लाच घ्या. तो ल्यूकोनोए नावाच्या स्त्रीला आहे, बॅबिलोनी ज्योतिषाचे आकडे मांडणे सोडण्यासाठी. आज त्याची मौजमजेची जाहिरात झाली आहे.

होरेसचा जन्म इ.स.पूर्व ६५ चा, दक्षिण इटलीतील व्हेनुसिया गावचा. बाप मुक्त झालेला गुलाम, लिलावाची वसुली करणारा. गावच्या शाळेत बड्या शिपाईगड्यांची मुले जात. या बापाने मुलाला थेट रोमला नेले आणि गुरुजींच्या दारी स्वतः सोबत गेला. उपहासिकांच्या पहिल्या पुस्तकातील सहाव्या कवितेत मुलाने हे अभिमानाने सांगितले आहे. आम्हां शिक्षकांना ही कविता त्याच्या साऱ्या सुभाषितांहून मोलाची वाटते.

पुढे इ.स.पूर्व ४२ मध्ये फिलिप्पीच्या लढाईत तो हरलेल्या बाजूने लढला. बापाची जमीन गेली, कारकुनी करावी लागली. मग मायसेनास हा धनाढ्य आश्रयदाता भेटला आणि सॅबाइन डोंगरांत शेतवाडी मिळाली. शेख सादींनी 'गुलिस्तान'चा तिसरा बाब कनाअतला दिला आहे, त्यामुळे या वाडीतले समाधान आम्हांला परके वाटत नाही. पण वाडी मिळाल्यावरची कनाअत आणि रिकाम्या हांडीपुढची कनाअत एकच कशी?

हा सवाल होरेसनेच आधी करून ठेवला आहे. इ.स.पूर्व ३० च्या सुमारास आलेल्या दुसऱ्या पुस्तकातील सातवी उपहासिका पाहावी. सॅटर्नालियाचा सण आहे. त्या दिवसांत गुलामाला बोलायची मुभा असे. दावूस नावाचा गुलाम धन्याला तोंडावर सुनावतो. रोममध्ये असता धन्याला गाव हवे, गावी गेला की रोम. मायसेनासचे ऐनवेळी बोलावणे आले की धावपळ सुटते. मग दोघांत गुलाम कोण?

धन्याजवळ उत्तर नाही. तो मारायला दगड शोधतो, बाण शोधतो आणि शेवटी धमकावतो की चालता हो, नाहीतर शेतावर नववा गडी म्हणून धाडीन. नववा! म्हणजे समाधानाच्या त्या वाडीत आठ जण आधीच राबत होते, आणि मालक होता एका मुक्त गुलामाचा मुलगा. होरेसने हा हिशेब कवितेतून खोडला नाही.