विश्वासरावांची गोळी आणि पुण्यातली अणुकेंद्रके

१४ मार्च १७६० रोजी सदाशिवरावभाऊंची फौज आमच्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून उत्तरेकडे निघाली. बरोबर दहा महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि लढाईचा रंग पालटला. ती गोळी कानाजवळून निघून गेली असती तर? जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा या प्रश्नावर उभी आहे. अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या एनसीईआरटीच्या पुस्तकात ती ‘द ॲडव्हेंचर’ म्हणून इंग्रजीतही आहे.

कथा मला प्रिय आहे. मराठे जिंकलेल्या जगातून बखरीचे एक पान खिशात घेऊन परतणारे इतिहासाचे प्राध्यापक ही कल्पना झकासच. पण शेवटी राजेंद्र देशपांडे जो शास्त्रीय खुलासा करतो, तिथे आपण मान डोलावून पुढे जातो. बंदुकीची गोळी कुठे पोचेल हे आधी सांगता येते, इलेक्ट्रॉनचे तसे नाही, असे तो म्हणतो. आणि त्यावरून अनेक जगांपर्यंत जातो. गंमत अशी, की ज्या गोळीला तो स्वतःच अनिश्चिततेतून वगळतो, तीच कथेत इतिहास फिरवते.

इलेक्ट्रॉन आणि गोळी यांच्यातली ही दरी प्रयोगाने तपासता येते. लेगेट आणि गर्ग यांनी १९८५ साली एक कसोटी सुचवली. वस्तू प्रत्येक क्षणी एका ठरावीक अवस्थेत असते, कुणी पाहो न पाहो. तिला धक्का न लावता ती पाहता येते. आणि नंतरची घटना आधीच्या घटनेचे कारण होत नाही. इतिहासकाराचा सगळा संसार या गृहीतकांवरच चालतो! वस्तू तीन क्षणी तपासायची. पहिल्या-दुसऱ्या क्षणांचा मेळ आणि दुसऱ्या-तिसऱ्यांचा मेळ यांच्या बेरजेतून पहिल्या-तिसऱ्यांचा वजा करायचा. गृहीतके खरी असतील तर उत्तर १ च्या वर जात नाही. क्वांटम सिद्धांत ते १.५ पर्यंत जाऊ देतो.

विक्रम आठल्ये, सौम्य सिंघा रॉय आणि टी. एस. महेश यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला पुण्याचा प्रयोग याच कसोटीचा. वस्तू म्हणजे चुंबकीय क्षेत्रात भोवऱ्यासारखी डुलणारी अणुकेंद्रके. थेट पाहिले तर पाहणेच पुढच्या निकालाचे कारण ठरायचे. म्हणून त्याच रेणूतले दुसरे केंद्रक साक्षीला घेतले. दोन मोजण्यांतला अवधी थोडा असताना मर्यादा ओलांडली गेली. अवधी वाढला तसे मेळ विरत गेले आणि तीच केंद्रके मर्यादेत, साध्यासुध्या वस्तूंसारखी वागू लागली.

पहिल्या निष्कर्षाचा गाजावाजा होतो. कथेच्या वाचकाला दुसरा अधिक कामाचा. प्रयोगशाळेत जपलेल्या केंद्रकांचे क्वांटमपण इतक्यात ओसरते, तर धुळीतून, धुरातून जाणाऱ्या शिशाच्या गोळीचे काय टिकणार?

राजेंद्रचा दुसरा आधार, कॅटॅस्ट्रॉफी सिद्धांत, मात्र पुरेसा आहे. काठावर आलेली व्यवस्था लहानशा धक्क्याने कोसळते. रसद तुटलेली, उपाशी फौज अशीच काठावर होती. म्हणून एक गोळी निर्णायक ठरली. इतिहासाला फाटा फोडायला क्वांटमची गरजच नव्हती. ती लागली गंगाधरपंतांना पलीकडे नेऊन परत आणायला, आणि तिथेच ती कामाला येत नाही. बहुविश्वे मानणाऱ्यांच्या हिशेबातही फाटे फुटल्यावर त्यांच्यात ये-जा उरत नाही. खिशातले ते पान त्यांनाही परवडणारे नाही.