‘की’ कुठे उघडतो आणि कुठे मिटतो

फलकावर विषय ‘उपवाक्य आणि तत्त्वज्ञान’ असा लिहिलाय, त्यामुळे मागच्या काही खुर्च्या रिकाम्या दिसतात. हरकत नाही. मला खरं तर एकाच अक्षराबद्दल बोलायचंय. ते अक्षर म्हणजे ‘की’. आणि त्याच्या जोडीला इंग्रजीतला ‘दॅट’. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या वाक्यात आणायचं तर यांच्याशिवाय गाडी हलत नाही. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या तोंडून सांगताना ते त्याचं राहतं की आपलं होतं, हा प्रश्न व्याकरणाचा आहे तसा न्यायाचाही आहे.

इंग्रजीपासून सुरुवात करतो, कारण आपल्या मुलांना ‘दॅट’ शिकवताना फार आळशीपणा होतो. ‘दॅट म्हणजे की’ एवढं सांगून गुरुजी मोकळे. मग मूल ‘ही टोल्ड टू मी दॅट’ असं लिहितं आणि लाल शाई खातं. ‘टेल’ला ऐकणारा थेट लागतो, ‘से’ला मध्ये ‘टू’ लागतो, ‘एक्सप्लेन’लाही ‘टू’ लागतो. मराठीत तिन्ही ठिकाणी ‘मला’च आहे, म्हणून घोटाळा. पण यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. क्रियापद आणि ‘दॅट’ यांच्यामध्ये कितीही शब्द येऊ शकतात, आणि ‘दॅट’ कुठे ठेवला यावर अर्थ फिरतो. आपल्या खंबाटकी घाटाचंच उदाहरण घ्या. ‘द मिनिस्टर सेड ऑन मंडे दॅट द टनेल वुड ओपन’ म्हटलं तर सोमवार बोलण्याचा. ‘सेड दॅट ऑन मंडे द टनेल वुड ओपन’ म्हटलं तर सोमवार बोगद्याचा. आणि ‘दॅट’ गाळलात, तर सोमवार मध्येच लटकतो. म्हणजे ‘दॅट’ हे कुंपण आहे: अलीकडचं सांगणाऱ्याचं, पलीकडचं सांगितलेलं. इंग्रजी बोलताना तो सहज गाळतात, पण मध्ये असा कालवाचक किंवा स्थलवाचक तुकडा आला की चांगला लेखक तो परत आणतो. हे आमच्या शालेय पुस्तकांनी एका ओळीत सांगायला काय हरकत होती?

दुसरी गंमत शब्दयोगी अव्ययांची, इंग्रजीत ज्यांना प्रिपोझिशन म्हणतात त्यांची. ‘अबाउट’नंतर ‘दॅट’ चालत नाही. ‘ऑफ’नंतर नाही, ‘डिस्पाइट’नंतर नाही. तिथे ‘द फॅक्ट’ नावाचा एक टेकू मध्ये उभा करावा लागतो. ‘इन दॅट’, ‘एक्सेप्ट दॅट’ असे थोडे अपवाद. शेक्सपिअरच्या काळापर्यंत ‘आफ्टर दॅट’, ‘फॉर दॅट’ असं म्हणून पुढे आख्खं वाक्य जोडता येत होतं. पुढे ती चाल मागे पडली. आता हा ‘द फॅक्ट’चा टेकू तुम्ही मराठीत उचलून आणलात, तर काय होतं? ‘पाऊस झाला नाही या वस्तुस्थितीमुळे पेरण्या लांबल्या.’ अहो, ‘पाऊस न झाल्यामुळे पेरण्या लांबल्या’ म्हणा की! मराठीला टेकूची गरज नाही. आपण क्रियापदालाच नाम करतो, त्याला विभक्ती लावतो, आणि ‘बद्दल’, ‘मुळे’, ‘शिवाय’ काहीही जोडतो. अनुवादित अहवालांतून ही ‘वस्तुस्थिती’ हटवली तर दहा पानांची आठ होतील.

मग आपला ‘की’ आला कुठून? बहुतेक अभ्यासक फारसीकडे बोट दाखवतात. ज्ञानेश्वरीत ‘कीं’ पुष्कळ सापडतो, पण तो बहुधा विकल्पाचा किंवा उत्प्रेक्षेचा. दुसऱ्याचं म्हणणं जोडायला तिथे ‘ऐसें’ आणि ‘म्हणौनि’ आहेत. गेल्या शतकात भाषाशुद्धीची मोठी चळवळ झाली. माधव जूलियनांनी, म्हणजे माधवराव पटवर्धनांनी, 1925 साली फारसी-मराठी कोश केला, आणि पुढे तेच शुद्धीच्या बाजूला उभे राहिले. शेकडो फारसी शब्दांना पर्याय आले. ‘की’ मात्र जागचा हलला नाही. शुद्धीचं समर्थन करणाऱ्यालाही ‘माझे मत आहे की’ असंच लिहावं लागत होतं!

शाळेत स्वरूपबोधक उभयान्वयी अव्ययांची यादी पाठ केलेली आठवते? ‘म्हणून, म्हणजे, की, जे’. त्यातला तो ‘जे’ मुलांना कधीच कळत नाही, कारण त्याचं उदाहरण आता बोलण्यात उरलेलं नाही. पण मोडीतली जुनी पत्रं काढा. सुरुवातीला ‘विनंति ऐसीजे’. कौल, करार असेल तर ‘ऐसा जे’. हा तो ‘जे’. आणि शेवटी काय? ‘हे विनंति’. मोडीत दोन शब्दांत धड जागा सोडत नसत, अवतरणचिन्हं तर नव्हतीच. मग कोणाचं बोलणं कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे शब्दांनीच सांगावं लागे. ‘ऐसीजे’ने कंस उघडला, ‘हे विनंति’ने मिटला. छापखाना आल्यावर आपण ते काम चिन्हांवर सोपवलं, आणि व्याकरणकारांनी ‘जे’ यादीत ठेवून त्याचं काम सांगायचं सोडून दिलं. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836चं, मोरो केशव दामल्यांचं 1911चं. या दोघांच्या खांद्यावर उभे राहून आपल्या शालेय पुस्तकांनी नुसत्या याद्या बनवल्या, हे मला फार खटकतं.

आता माझ्या विषयाकडे येतो. 1968 साली डोनाल्ड डेव्हिडसन या अमेरिकन तत्त्वज्ञाने ‘ऑन सेइंग दॅट’ नावाचा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘दॅट’ हा मुळात दर्शक आहे, बोट दाखवणारा. अमका ‘ते’ म्हणाला. काय? तर पुढचं वाक्य. म्हणजे ही दोन वेगळी वाक्यं शेजारी ठेवली आहेत. निबंध सुंदर आहे, मी वर्षानुवर्षं शिकवला. पण मराठी माणसाने त्याला एक प्रश्न विचारायलाच हवा. इंग्रजीत दर्शक ‘दॅट’ आणि जोडणारा ‘दॅट’ एकच शब्द आहे, म्हणून हा विचार सुचला. आमच्या ‘की’चं काय? तो बोट दाखवत नाही. फारसीतला ‘के’ प्रश्नार्थक आणि संबंधी घराण्यातला, फ्रेंचांच्या ‘क’सारखा. आमचा ‘असे’ मात्र बोट दाखवतो, तोही मागे वळून: ‘पृथ्वी फिरते, असे तो म्हणाला’. आणि ‘म्हणून’ तर थेट बोलण्याच्या धातूतूनच आलेला. सांगलीकडे जतच्या बाजूला जा, कानडीत ‘अंत’ ऐकाल, तोही ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूचा. तेलुगूत ‘अनि’. दख्खनीत ‘बोलके’. संस्कृतात ‘इति’ वाक्याच्या शेवटी बसतो. म्हणजे एकाच कामासाठी आपल्याकडे एक बोट दाखवणारा, एक प्रश्नाच्या घराण्यातला आणि एक बोलणारा. एका भाषेतल्या योगायोगावर तर्कशास्त्र उभारू नये, एवढीच माझी डेव्हिडसनवर टीका. ‘असे’पुरता तो बरोबर आहे, ‘की’पुरता नाही.

हे फरक नुसते पंडिती नाहीत. ‘रामने सांगितलं की मी पैसे घेतले.’ पैसे कोणी घेतले? रामने, की सांगणाऱ्याने? इंग्रजी इथे सर्वनाम आणि काळ दोन्ही बदलते, म्हणून तिचं कुंपण पक्कं. मराठी तसं करत नाही. ‘की’ कंस उघडतो, पण मिटवायला कोणी नाही. ‘मी पैसे घेतले, असं राम म्हणाला’ यात ‘असं’ने दार लावलं. आणि आपल्याकडचा शेतकरी तर दोन्ही करतो: ‘तो म्हनला की मी येतो म्हून.’ याला शहरात गावंढळ ठरवतात. मला विचाराल तर यापेक्षा काटेकोर वाक्य नाही. दोन्ही बाजूंनी कड्या लावलेल्या. आता पोलिसातला जबाब आठवा. ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की’, आणि मग दोन पानं एकच ‘मी’, मध्ये तिसऱ्याचं बोलणं आलं तरी तोच ‘की’, तोच ‘मी’. लिहिणारा हवालदार, बोलणारा साक्षीदार. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 162 मध्ये तपासातल्या अशा जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही असं होतं; नव्या संहितेतही ती तरतूद राहिली आहे. कायद्याने ओळखलं, की हा ‘मी’ पूर्णपणे त्या माणसाचा नाही.

शेवटचा मुद्दा वर्तमानपत्रांचा, आणि इथे माझा राग थोडा जास्त आहे. बातमीत आता ‘की’ही नको, ‘असे’ही नको. सगळीकडे ‘-ल्याचे’. ‘सरपंचांनी निधी खाल्ल्याचे ग्रामस्थांनी सांगितले.’ सुटसुटीत वाटतं. पण कोणती क्रियापदं हा ‘-ल्याचे’ मनापासून घेतात ते पाहा. ‘तो आल्याचे कळले’, ‘आल्याचे आठवते’, ‘आल्याचे माहीत आहे’. छान. ‘तो आल्याचे मला वाटते’? कानाला खडा लागतो. वाटण्याला ‘असे’ लागतं: ‘तो आला असे वाटते’. म्हणजे ‘-ल्याचे’चा कल घडून गेलेल्या, पक्क्या गोष्टीकडे आहे. ‘आरोप’, ‘संशय’ हे शब्द पुढे असले तर ते शंका जिवंत ठेवतात. पण ‘सांगितले’, ‘नमूद केले’ असं गुळगुळीत क्रियापद आलं, की निधी खाल्ला गेला हे जणू ठरूनच गेलं. उरला फक्त तो कोणी सांगितला हा तपशील. इंग्रजीतही हे आहे. ‘टोल्ड अस दॅट ही मिसयूज्ड’ आणि ‘टोल्ड अस अबाउट हिज मिसयूज’ यांत दुसऱ्या वाक्याने गुन्हा आधीच मान्य केलेला असतो.

बातमीदार म्हणतील, जागा वाचते. मोजू या. ‘सरपंचांनी निधी खाल्ला, असे ग्रामस्थ म्हणतात.’ सहाच शब्द, आणि त्या ‘-ल्याचे’च्या वाक्यात पाच. एका शब्दाची बचत, आणि त्या बदल्यात खंडाळ्यातला एखादा माणूस चौकशी सुरू होण्याआधीच चोर.

बरं, प्रश्न विचारा आता. पहिला प्रश्न त्या कोपऱ्यातल्या ताईंचा.