संगणक-नियमावलीतील ‘अनुमती’ : एक अर्थचिकित्सा

१

महाविद्यालयात प्रवेश घेताना विद्यार्थी अनेक कागदांवर स्वाक्षरी करतो. त्यांपैकी एक कागद संगणक, नेटवर्क व ई-ग्रंथसंग्रह ह्यांच्या ‘स्वीकार्य वापरा’विषयीचा असतो. हा कागद विद्यार्थी सहसा वाचीत नाही. अध्यापकही वाचीत नाहीत. कार्यालयीन लेखन म्हणून त्याची उपेक्षा होते, आणि वाद उपस्थित होत नाही तोवर त्या उपेक्षेने काही बिघडतही नाही. वाद उपस्थित झाला म्हणजे मात्र त्यातील एकेका शब्दावर विद्यार्थ्याचे भवितव्य तोलले जाते. तेव्हा इतर संहितांचे वाचन आपण ज्या साक्षेपाने करतो, त्याच साक्षेपाने ह्याही संहितेचे वाचन करणे अवश्य आहे. विशेषतः ‘अनुमती’ हा तिच्यातील मध्यवर्ती शब्द तपासून पाहण्याजोगा आहे. त्याचा अर्थ कोणी सांगावयाचा, आणि ज्याने सांगावयाचा तो मौन पाळील तर काय होते, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतले आहेत.

अशा नियमावल्यांची रचना बहुधा ठरलेली असते. आरंभी संगणकसाधने ही अध्ययन, अध्यापन व संशोधन ह्यांसाठी आहेत, असे विधान येते. त्यानंतर निषेधांची मालिका सुरू होते : दुसऱ्याचा पासवर्ड वापरू नये, कोणास त्रासदायक संदेश धाडू नयेत, चित्रपट उतरवून घेऊ नयेत, ई-नियतकालिकांतील लेख प्रमाणाबाहेर घेऊ नयेत, संगणककक्षात खाद्यपदार्थ आणू नयेत. शेवटी, नियमभंग झाल्यास अनुमती काढून घेण्याचा व योग्य ती कारवाई करण्याचा अधिकार संस्थेने राखून ठेवलेला असतो. ग्रंथाचे तात्पर्य ठरविताना उपक्रम आणि उपसंहार ह्यांची संगती पाहावी, हा मीमांसकांचा दंडक लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या (१९१५) आरंभी स्वीकारलेला आहे. तो दंडक येथे लावला, तर उपक्रमात विद्या आणि उपसंहारात दंड अशी विसंगती आढळते. मधल्या निषेधांचा संबंध उपक्रमाशी जोडावयाचा की उपसंहाराशी, हे नियमावली सांगत नाही.

२

ह्या ठिकाणी मीमांसाशास्त्रातील आणखी एक भेद उपयोगी पडतो. नियम दोन प्रकारचे : क्रत्वर्थ आणि पुरुषार्थ. क्रत्वर्थ नियम हा यज्ञाच्या सिद्धीसाठी असतो. तो मोडला तर यज्ञ विगुण होतो. पुरुषार्थ नियम हा करणाऱ्याच्या ठायी लागू असतो. तो मोडला तर दोष त्या पुरुषास लागतो, यज्ञ त्यामुळे बिघडत नाही. द्रव्यार्जनाच्या नियमांची चर्चा करताना मिताक्षरेने ह्याच भेदाचा आधार घेतला आहे. कोणता नियम कोणत्या कोटीतला, हे ठरल्यावाचून त्याच्या भंगाचे फल सांगता येत नाही, हे ह्या चर्चेचे सार होय.

संगणक-नियमावलीत ह्या दोन्ही कोटी सरमिसळ झालेल्या असतात. नेटवर्कवर अतिरिक्त भार टाकू नये, हा नियम क्रत्वर्थ म्हटला पाहिजे. तो मोडल्याने सर्वांच्या कामाची गती मंदावते. तेव्हा भार थांबविणे, झालेली हानी भरून काढणे आणि पुन्हा तसे न घडेल अशी व्यवस्था करणे हा त्यावरील उपाय. दुसऱ्याचा पत्रव्यवहार चोरून वाचू नये, हा नियम मात्र पुरुषार्थ होय. त्याच्या भंगाने नेटवर्कला रेसभरही धक्का बसत नाही. परंतु करणाऱ्याच्या वर्तनाला दोष निश्चित लागतो. दोन्ही नियम एकाच यादीत, एकाच क्रियापदाने आणि एकाच शिक्षेच्या छायेखाली लिहिले गेले, म्हणजे पहिल्याचा भंग करणाऱ्याकडेही दुसऱ्याचा भंग करणारा म्हणून पाहिले जाऊ लागते. ‘अनुमतीवाचून वापर’ हा शब्दप्रयोग दोहोंना सारखाच झाकतो. त्यातच त्याची सोय आहे आणि त्यातच त्याचा धोकाही आहे.

३

हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, संक्षेपाने एम्. आय्. टी., ह्या संस्थेत २०१० साली घडलेले प्रकरण ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ॲरन स्वार्ट्झ हा त्या वेळी हार्वर्ड विद्यापीठातील एका नीतिविषयक केंद्राचा अधिछात्र होता. सप्टेंबर २०१० पासून त्याने एम्. आय्. टी.च्या नेटवर्कमधून ‘जेस्टोर’ ह्या नियतकालिक-संग्रहातील लेख संगणकीय आज्ञावलीच्या साहाय्याने उतरवून घेण्यास आरंभ केला. त्यांची संख्या पुढे सुमारे ४८ लाखांवर गेली. एम्. आय्. टी.चे नेटवर्क आवारात येणाऱ्या पाहुण्यासही खुले होते, आणि त्या नेटवर्कवरून जेस्टोरचे लेख वाचावयास मिळत. तथापि आज्ञावलीने सरसकट लेख उतरविण्यास जेस्टोरच्या अटींनी मनाई होती. स्वार्ट्झने नोंदणी खोट्या नावाने केली; त्याचा प्रवेश रोखण्यात आल्यावर तो रोख चुकविला; पुढे एका तळघरातील तारांच्या कोठडीत आपला लॅपटॉप लपवून ठेवला. त्याच्या उतरवणीचा जेस्टोरच्या यंत्रणेवर इतका ताण पडला की ऑक्टोबर २०१० मध्ये काही दिवस जेस्टोरने संपूर्ण एम्. आय्. टी.चाच प्रवेश बंद केला. नियमभंग झाला होता ह्याविषयी संशयास जागा नाही, आणि त्याचा उपद्रव इतर वाचकांना झाला हेही नाकारता येत नाही.

६ जानेवारी २०११ रोजी त्यास अटक झाली. जून २०११ मध्ये जेस्टोरने उतरवलेल्या प्रती परत मिळवून त्याच्याशी तडजोड केली, आणि खटला चालावा अशी आपली इच्छा नाही असे कळविले. क्रत्वर्थ भंगाचे निराकरण येथे पूर्ण झाले होते, असे म्हणता येईल. परंतु संघराज्य शासनाने जुलै २०११ मध्ये १९८६ च्या संगणक-गैरव्यवहारविषयक कायद्याखाली आरोप दाखल केले, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांची संख्या तेरावर नेली. ११ जानेवारी २०१३ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, स्वार्ट्झने आत्महत्या केली. त्यानंतर आरोप मागे घेण्यात आले.

संस्थेच्या अध्यक्षांच्या सूचनेवरून ह्या प्रकरणी एम्. आय्. टी.च्या वर्तनाची चौकशी झाली. संगणकशास्त्राचे प्राध्यापक हॅरॉल्ड ॲबेलसन ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल जुलै २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्रज्ञ पीटर डायमंड आणि विधिज्ञ अँड्र्यू ग्रोसो हे समितीचे अन्य सदस्य होते. घटनाक्रमाची काटेकोर मांडणी, संस्थेच्या बाजूने अथवा विरुद्ध ओढाताण न करण्याचा संयम, आणि अखेरीस निष्कर्षांबरोबर संस्थेपुढे प्रश्न ठेवण्याची पद्धती, हे ह्या अहवालाचे गुण होत. संस्थेने स्वार्ट्झला हेतुतः लक्ष्य केले नाही, संघराज्य शासनाने खटला भरावा असा आग्रहही धरला नाही, असा त्याचा निर्वाळा आहे. खटल्याच्या संपूर्ण काळात संस्थेने तटस्थतेचे धोरण पाळले, हेही तो नमूद करतो.

४

अहवालातील सर्वांत महत्त्वाचा भाग अनुमतीविषयीचा आहे. स्वार्ट्झचा नेटवर्कमधील प्रवेश अनुमत होता की अननुमत, हे एम्. आय्. टी.ला अभियोगपक्षाने विचारले नाही, बचावपक्षाने विचारले नाही, आणि संस्थेने स्वतःलाही विचारले नाही. काही आरोपांचा संपूर्ण भार संस्थेच्या नियमावलीवर व तिच्या अर्थावर होता. ती नियमावली संस्थेने आपल्या कार्यासाठी लिहिली होती, शासनाच्या कार्यासाठी नव्हे. असे असता हे का घडले, ह्याचे समितीस नवल वाटते. समितीने ह्या स्थळी मर्मावर बोट ठेवले आहे. दुर्दैवाने बोट ठेवून ती थांबते. नवल वाटणे हा चिकित्सेचा आरंभ आहे. तो तिचा शेवट होऊ शकत नाही.

समितीने न काढलेला निष्कर्ष असा की, आपल्याच नियमाच्या अर्थाविषयी तटस्थ राहणे संस्थेस शक्यच नसते. पक्षांच्या वादात ती तटस्थ राहू शकेल. शिक्षेच्या प्रमाणाविषयीही राहू शकेल. परंतु ‘अनुमती’ हा शब्द तिने लिहिला आहे, आणि तो कोणत्या हेतूने लिहिला हे तिलाच ठाऊक आहे. तिने मौन धरले तर शब्द अर्थहीन होत नाही. त्याचा अर्थ ठरविण्याचे काम दुसऱ्याकडे जाते. प्रस्तुत प्रकरणात ते अभियोक्त्याकडे गेले, आणि अभियोक्त्याने स्वाभाविकपणे उपसंहारातील दंडापासून मागे वाचीत आणून सर्व निषेध पुरुषार्थ मानले. साक्षीदाराने स्वतःच्या लेखनाचा अर्थ सांगणे हा पक्षपात नव्हे. ‘नियम मोडला गेला; त्याचा उपद्रव अमुक इतका झाला; आमच्या व्यवस्थेत अशा भंगाचे फल अमुक असते’, एवढे तीन वाक्यांत सांगता आले असते. ते सांगितले असते तर पुढील घटना टळल्या असत्या असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु ते सांगणे हे संस्थेचे काम होते, एवढे निश्चित.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ रोजी व्हॅन ब्युरन खटल्यात ह्याच कायद्याचा संकुचित अर्थ स्वीकारला. ज्यास एखादी माहिती पाहण्याची मुभा आहे त्याने ती अयोग्य हेतूने पाहिली, एवढ्यावरून ह्या कायद्याखालील गुन्हा होत नाही, असा बहुमताचा निर्णय आहे. संगणक-वापराच्या प्रत्येक नियमावलीचा भंग गुन्हा मानला तर असंख्य सामान्य माणसे गुन्हेगार ठरतील, ही चिंता त्या निकालात व्यक्त झाली आहे. घातलेला अडसर ओलांडणाऱ्यास ह्या निर्णयाचा आधार मिळेलच असे नाही. पण नियमावलीचा शब्द आणि दंडविधानाचा शब्द एक नव्हेत, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

५

आपल्याकडे ह्या प्रश्नाचे स्वरूप अधिक निकडीचे आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ह्याचे कलम ४३ संगणकाच्या मालकाच्या अथवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून केलेल्या कृत्यांची यादी देते. त्या यादीत प्रवेश मिळविणे आणि माहिती उतरवून घेणे ही दोन्ही कृत्ये आहेत. हीच कृत्ये अप्रामाणिकपणे अथवा कपटाने केली तर कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. महाविद्यालयाच्या संदर्भात ‘प्रभारी व्यक्ती’ म्हणजे महाविद्यालयच. अर्थात परवानगी कशाची व कोठवर, हे ज्या कागदावरून ठरावयाचे तो कागद म्हणजे आपली नियमावली. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ह्या योजनेखाली शासकीय उच्चशिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांस ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत. वाचनाचे क्षेत्र इतके विस्तारले असता, ‘प्रमाणाबाहेर’ लेख घेऊ नयेत ह्यासारखा मोघम निषेध संशोधक विद्यार्थ्यास एकतर निरर्थक वाटेल, नाही तर भयप्रद.

संस्थेच्या मौनाने जसा अनर्थ होतो, तसाच तिच्या अतिवक्तृत्वानेही होतो. कोळिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी-वसतिगृहात २०१९ मध्ये सायंकाळी ६ ते रात्री १० ह्या वेळात मोबाइल वापरण्यास बंदी होती. ती न मानणाऱ्या विद्यार्थिनीस वसतिगृह सोडण्यास सांगण्यात आले. फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य ह्या खटल्यात केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी तिला पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. इंटरनेटचा उपयोग हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या अधिकाराचा भाग मानून, ज्ञानप्राप्तीची साधने बंद करून शिस्त राखता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. विद्यार्थिनींनी अभ्यास करावा हे ह्या नियमाचे फल मानले, तर अभ्यासाच्याच वेळी अभ्यासाचे साधन काढून घेणारा नियम स्वतःच्या फलास बाधक ठरतो. एम्. आय्. टी.ने आपल्या नियमाचा अर्थ सांगितला नाही. ह्या महाविद्यालयाने हेतूशी विसंगत अर्थ आग्रहाने सांगितला. उपक्रमातील विद्या दोन्हीकडे विसरली गेली.

६

ह्यावर असा आक्षेप संभवतो की, तंत्रज्ञान झपाट्याने बदलते. नियम मोघम असल्यावाचून ते टिकणार नाहीत. आक्षेपात तथ्य आहे, परंतु अर्धेच. निषेधाचे शब्द व्यापक असू शकतील. फलाचे शब्द मोघम असता कामा नयेत. उद्या कोणते उपकरण येईल हे संस्थेस आज सांगता येत नाही. मात्र भार वाढल्यास प्रथम सूचना दिली जाईल, नंतर प्रवेश स्थगित होईल, विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकल्यावाचून कारवाई होणार नाही, आणि दुसऱ्याच्या खाजगीपणावर आक्रमण झाल्यास मात्र प्रकरण शिस्तपालन-समितीकडे जाईल, हे आजही स्पष्ट लिहिता येते. कोणत्या भंगाची तक्रार पोलिसांकडे द्यावयाची आणि तो निर्णय कोणी घ्यावयाचा, हेही लिहिता येते. तक्रार दिल्यानंतर नियमाचा अर्थ लेखी सांगण्याची जबाबदारी कोणा अधिकाऱ्याची, हे तर लिहावयासच हवे.

अशी नियमावली केवळ संगणककेंद्राच्या तंत्रज्ञांवर सोपविणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे. त्यांना यंत्रणा सुरळीत ठेवावयाची असते. साहजिकच त्यांची दृष्टी क्रत्वर्थ असते. नियमाचे दोन्ही प्रकार वेगळे करणे, उपक्रम व उपसंहार ह्यांचा मेळ घालणे, ‘अनुमती’ची मर्यादा विद्यार्थ्यास कळेल अशा मराठीत सांगणे, हे अर्थनिर्णयाचे काम आहे आणि ते भाषा, विधी व ग्रंथालयशास्त्र ह्या विभागांच्या अभ्यासकांचे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने स्वाक्षरी करण्यापूर्वी नियमावली वाचावी, अशी अपेक्षा आपण करतो. ती लिहिणाऱ्यांनी आणि राबविणाऱ्यांनीही ती वाचलेली असावी, एवढी अपेक्षा विद्यार्थ्याने आपल्याविषयी केली तर ती गैरवाजवी म्हणता येणार नाही.